दिनमान आणि तळाशी मुळं धरणाऱ्या पाणवनस्पती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेततळेवाले, गच्चीवर टबात कमळ लावणारे, ॲक्वेरियमचे हौशी आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून वर्षभर जे प्रश्न येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एकाच गोष्टीची उत्तरं दोनदा दिलेली नाहीत. गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. पाणवनस्पती बियांशिवाय वाढतात म्हणजे नेमक्या कशा?

पाच-सहा वाटा आहेत. तुटलेला तुकडा दुसरीकडे रुजतो. हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीला तर एखादं पेर पुरतं. व्हॅलिस्नेरिया तळावरून आडवी धावणारी फांदी सोडते आणि तिच्या टोकाला नवं रोप उभं राहतं. कमळ चिखलातल्या आडव्या खोडाने सरकत जातं. काही जाती चिखलात कंद धरतात. काहींच्या फांदीच्या टोकाला किंवा पानाच्या बगलेत घट्ट मिटलेली, अन्न साठवलेली कळी तयार होते आणि गळून तळाशी पडते. तिला ट्युरियॉन म्हणतात, मराठीत सुप्तकळी म्हणू. काही उष्ण प्रदेशीय वॉटरलिलींच्या तर पानाच्या मध्यावरच पिल्लू रोप उगवतं.

2. यात दिवसाच्या लांबीचा संबंध कुठे येतो?

वरच्या सगळ्याच वाटांशी सारखा येत नाही. तुकडा तुटून रुजणं किंवा फांदी धावणं हे पाणी, ऊब, ऊन आणि खत यांवर चालतं. दिनमानाचा खरा ताबा असतो तो सुप्त अवयवांवर, म्हणजे कंद आणि सुप्तकळी यांच्यावर. वाईट दिवस येण्याआधी वाढ थांबवून साठवण सुरू करायची, तर ते दिवस येणार हे आधीच कळायला हवं. थंडी किंवा दुष्काळ प्रत्यक्ष आल्यावर कंद धरायला वेळ उरत नाही. तापमान फसवं असतं, एखादा आठवडा अवेळी गार जातो. दिनमान मात्र दरवर्षी त्याच तारखेला तेवढंच असतं.

3. वनस्पती दिवस मोजते की रात्र?

बहुतांशी रात्र. जमिनीवरच्या वनस्पतींत हे आधी कळलं. 1920 साली गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी संशोधकांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दिनमानाचा परिणाम दाखवून दिला. 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं की लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ उजेड पाडला तरी वनस्पती ती रात्र लांब धरत नाही. हे काम करणारं रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. लाल प्रकाशाने (सुमारे 660 नॅनोमीटर) ते एका रूपात जातं, अतिलाल प्रकाशाने (सुमारे 730 नॅनोमीटर) दुसऱ्या.

हायड्रिलात हेच दिसतं. लहान दिवसांत ठेवलेल्या रोपांना मध्यरात्री लाल प्रकाश दिला की सुप्त अवयव धरणं मागे पडतं. म्हणून नेहमीच्या बोलण्यात ‘लहान दिवसांची वनस्पती’ म्हणत असलो, तरी ती प्रत्यक्षात लांब आणि अखंड रात्रीची वनस्पती असते.

पाण्याखाली एक गुंतागुंत वाढते. पाणी अतिलाल प्रकाश लालपेक्षा लवकर शोषतं. त्यामुळे खोलीवरच्या पानापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा रंग काठावरच्या पानापेक्षा वेगळा असतो. पाणी गढूळ असेल तर संधिप्रकाश तळापर्यंत जातच नाही. पंचांगात दिलेलं दिनमान आणि दोन मीटर खोल उभ्या हायड्रिलाचं दिनमान एकच असेल असं धरू नका.

4. आपल्याकडे दिवस फारसा लहान-मोठा होतच नाही. मग हे सगळं युरोप-अमेरिकेसाठीच नाही का?

हा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे, आणि बहुतेक पुस्तकं त्याला बगल देतात.

पणजीत सर्वांत मोठा दिवस सुमारे 13 तासांचा आणि सर्वांत लहान 11 तास 10 मिनिटांच्या आसपास. मुंबईत 13 तास 15 मिनिटं आणि 11 तास. नागपुरात 13 तास 25 मिनिटं आणि 10 तास 50 मिनिटं. म्हणजे कोकणाच्या दक्षिण टोकापासून विदर्भापर्यंत वर्षभरातला फरक पावणेदोन ते अडीच तासांचा. लंडनमध्ये हाच फरक जवळजवळ नऊ तास आहे.

पण वनस्पतीला नऊ तासांचा फरक लागत नाही. तिची एक सीमारेषा असते आणि दिनमान त्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच महत्त्वाचं. अमेरिकेत फ्लोरिडात पसरलेल्या हायड्रिलाची रेषा 13 तासांच्या आसपास मानली जाते. तीच रेषा मुंबईला लावून पाहा: 13 तासांहून मोठा दिवस तिथे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंतच असतो. बाकीचे नऊ महिने त्या वनस्पतीच्या हिशेबाने ‘लहान दिवस’च. पणजीत तर रेषा जेमतेम ओलांडली जाते.

यातून निघतं ते असं: आपल्याकडे दिनमान बहुतेक वर्ष ‘हो’ म्हणून बसलेलं असतं, आणि कंद प्रत्यक्षात कधी धरायचा हे पाण्याची पातळी, गढूळपणा, तापमान आणि रोपाची स्वतःची ताकद ठरवते. फ्लोरिडाचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून सोलापूरच्या तळ्याला लावणं म्हणूनच चुकतं. शिवाय स्थानिक जातीची रेषा त्या त्या अक्षांशाला जुळलेली असू शकते, हेही विसरायला नको.

5. शेततळ्यातलं शेवाळ दरवर्षी मुळासकट उपटतो, तरी पुढच्या वर्षी परत हजर. कुठून येतं?

ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यातलं बरंचसं शेवाळ नसतंच. मुळं, खोड आणि खोडाभोवती चक्राकार बारीक पानं दिसली, तर ती बहुधा हायड्रिला असते. बोटांत घासल्यावर पानाच्या कडा खरखरीत लागतात.

ती परत येते चिखलातल्या कंदांतून. पांढरट ते तपकिरी, अर्धा ते एक सेंटिमीटरचे हे कंद गाळात काही इंच खोल असतात, क्वचित फूटभरही. रोप उपटताना देठ तुटतो आणि कंद खालीच राहतो. गाळ हलला नाही तर ते चार वर्षांहून जास्त काळ जिवंत राहिल्याची नोंद आहे, आणि सगळे एकाच वर्षी उगवत नाहीत. एका वर्षी तळं स्वच्छ दिसलं म्हणून काम झालं असं समजू नका. पानांच्या बगलेत येणाऱ्या हिरव्या सुप्तकळ्या वेगळ्या. त्या गळून पाण्याबरोबर दूर जातात, पण कंदाइतक्या टिकत नाहीत.

तणनाशकाबद्दलही विचारलं जातं. बहुतेक तणनाशकं वरचा पाला मारतात, गाळात झोपलेल्या कंदापर्यंत पोचत नाहीत. ग्रास कार्प मासा पाला खातो, पण कंदांचा साठा त्यानेही एका हंगामात संपत नाही. पाला वर आला की खाल्ला जातो, असं काही वर्षं चालावं लागतं.

6. मग काढायचं कधी? दिनमानाचा इथे उपयोग होतो का?

होतो, पण मर्यादित. तत्त्व सोपं आहे: नवे कंद धरायच्या आधी पाला काढला तर साठा वाढत नाही. फ्लोरिडात कंद मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल धरले जातात, म्हणून तिथलं नियोजन त्याआधीचं असतं. आपल्याकडे हे दार ऑगस्टपासूनच उघडं असतं (प्रश्न 4). त्यामुळे पाऊस ओसरून पाणी निवळलं की पहिला उपसा लगेच करावा, दिवाळीपर्यंत थांबू नये.

खरी संधी मात्र उन्हाळ्यात आहे. तळं आटलं की वरचा फूटभर गाळ काढा. कंदांचा मोठा हिस्सा त्यातच असतो. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं असेल तर काम आणखी सोपं, कारण कंद फक्त साचलेल्या गाळाच्या थरातच असतात (कागद फाटणार नाही एवढं बघा). हा गाळ शेतात पसरला तर कंद उन्हाने वाळून मरतात. दुसऱ्या तळ्याच्या बांधावर टाकला तर पहिल्याच पावसात ते त्या तळ्यात जातील. गाळ वाहून नेण्याच्या घाईत हे हमखास विसरलं जातं.

आणि सगळी हायड्रिला काढायचीच, असा हट्ट का? ती इथलीच वनस्पती आहे. माशांची पिल्लं तिच्यात लपतात, पाण्याला ऑक्सिजन मिळतो. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांत ढिवर समाजातल्या लोकांनी बेशरम नावाचं तण उपटून हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या देशी पाणवनस्पती मुद्दाम परत लावल्या आहेत. पंप आणि पाइप अडकत असतील तिथे काढा, काठ तिला सोडा.

7. एका ठिकाणी वाचलं की हायड्रिला लहान दिवसांतच कंद धरते, दुसरीकडे उन्हाळ्यातही धरते असं. खरं काय?

दोन्ही खरं. अमेरिकेत हायड्रिलाचे दोन प्रकार पोचले. एक 1950च्या दशकात ॲक्वेरियमच्या व्यापारातून फ्लोरिडात आला. त्यात नर-मादी फुलं वेगवेगळ्या रोपांवर असतात, आणि तिथे फक्त मादी रोपंच आहेत. जनुकीय तपासणीत त्याचं जवळचं नातं बेंगळूरकडच्या हायड्रिलाशी निघालं. दुसऱ्या प्रकारात दोन्ही फुलं एकाच रोपावर येतात. तो उत्तरेकडे पसरला आणि त्याचं मूळ कोरियाकडे जातं.

पहिला दिनमानाबाबत कडक आहे. दुसरा मोठ्या दिवसांतही कंद धरतो, लहान दिवसांत जास्त धरतो. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. उत्तरेत हिवाळ्यात वरचा पाला पूर्ण मरतो आणि वसंतात सगळं कंदांतूनच उभं करावं लागतं. उन्हाळा छोटा असेल तर शरदाची वाट पाहून चालत नाही. म्हणून कुठल्याही लेखातला आकडा वाचताना आधी बघा की तो कुठल्या प्रकाराबद्दल आहे. एकाच शास्त्रीय नावाखाली दोन वेगळी कॅलेंडरं आहेत.

8. टबातलं कमळ नोव्हेंबरपासून पिवळं पडत चाललंय. मेलं का?

बहुधा नाही. जपानमध्ये कमळावर झालेल्या प्रयोगांत दिसलं की 12 तास किंवा त्याहून लहान दिवसांत आडव्या खोडाचं लांबणं थांबतं, ते जाड होऊ लागतं आणि नवी पानं येणं मंदावतं. 13-14 तासांच्या दिवसांत खोड लांबत राहतं. आपल्याकडे दिवस 12 तासांखाली जातो तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीला, आणि परत वर येतो मार्चच्या मध्याच्या आसपास. तुमचं कमळ वेळापत्रकानेच चाललंय.

टबात चार बोटं पाणी राहू द्या, खत बंद करा, पिवळी पानं कापायचीच तर देठ पाण्याच्या वर ठेवून कापा. पाण्याखाली कापलेल्या पोकळ देठातून पाणी आत शिरून खोड कुजू शकतं. टब उपसून खोड वेगळं करायचं असेल तर फेब्रुवारीअखेरीस. डोळा वर करून ठेवा आणि तो मोडू देऊ नका, कमळाची तीच सगळ्यांत नाजूक जागा.

9. माझ्या कमळाला फुलं भरपूर येतात, पण कमळकाकडी कधीच जाड होत नाही. दिवस लहान असूनही असं का?

कमळांतही समशीतोष्ण आणि उष्ण प्रदेशीय असे गट आहेत. चीन-जपानकडच्या समशीतोष्ण वाणांचं खोड शरदात चांगलं फुगतं, बाजारातली जाड कमळकाकडी त्यांचीच. दक्षिण भारत आणि थायलंडकडच्या उष्ण प्रदेशीय कमळांचं खोड बारीक आणि लांबच राहतं, कारण त्यांना हिवाळ्यासाठी साठवण करायची गरजच पडली नाही. तुमच्या टबात असा वाण असेल तर दिनमान कितीही लहान केलं तरी उपयोग नाही. फुलांचा आनंद घ्या आणि कमळकाकडी मंडईतून आणा.

10. मोठ्या दिवसांत सुप्तकळ्या धरणारी एखादी वनस्पती आहे का?

आहे, आणि तीच परीक्षेत विचारली जाते: पोटॅमोजेटॉन क्रिस्पस, लहरी कडांच्या पानांची. ती थंडीत वाढते. वसंताच्या अखेरीस दिवस मोठे आणि पाणी कोमट झालं की शिंगासारख्या कडक, काटेरी सुप्तकळ्या धरते आणि ऐन उन्हाळ्यात स्वतः मरून जाते. पाणी गार झालं की कळ्या उगवतात. हायड्रिलाचं कॅलेंडर उलटं केल्यासारखं. हिच्या दृष्टीने वाईट ऋतू म्हणजे उन्हाळा, एवढं लक्षात घेतलं की पाठ करावं लागत नाही.

11. दिनमान आणि तापमान यांत वरचढ कोण?

जातीवर अवलंबून. मायरियोफायलम व्हर्टिसिलेटम या जातीत सुप्तकळी धरायला लहान दिवस आणि गारवा दोन्ही एकत्र लागतात. एकाने भागत नाही. पोटॅमोजेटॉन पेक्टिनेटस (आता बरेच जण स्टुकेनिया म्हणतात) दोन्ही प्रकारच्या दिवसांत कंद धरते, लहान दिवसांत जास्त जोमाने. नेदरलँड्समधल्या लाउवर्समेर सरोवरात ब्यूइक हंस शरदात येतात ते याच कंदांवर ताव मारायला. चिखलात खोल धरलेले कंद वाचतात आणि पुढच्या वर्षीचं पीक त्यांतून येतं.

उत्तर अमेरिकेतली व्हॅलिस्नेरिया अमेरिकाना उत्तरेत हिवाळी कळ्या धरून गायब होते, दक्षिणेत वर्षभर हिरवी राहते. आपल्या तळ्यांतली व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस धावत्या फांद्यांवरच भागवते.

12. कासच्या वायतुऱ्याचा कंदही दिनमानानेच जागा होतो का?

वायतुरा, म्हणजे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, सातारा भागातल्या जांभ्याच्या सड्यांवरच्या उथळ पाण्यात वाढतो. पावसाबरोबर पानं येतात, सडा सुकला की वरचं सगळं नाहीसं होतं आणि कंद खाली राहतो. तिथे ऋतू ठरवणारी गोष्ट म्हणजे पाणी आहे की नाही. जूनमध्ये दिवस सर्वांत मोठा असतो आणि पाऊसही तेव्हाच येतो, म्हणून दिनमानाला श्रेय देण्याचा मोह होतो. दोन गोष्टी एकाच वेळी घडतात एवढ्यावरून एक दुसरीचं कारण ठरत नाही. वेगळं करून पाहायचं तर प्रश्न 16 मधली पद्धत वापरा. मात्र कासवरून कंद उचलू नका. ती संरक्षित जागा आहे आणि ही जात जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

13. तळ्याकाठी रात्रभर दिवा जळतो. त्याने कंद धरणं थांबेल का?

दिव्याखालच्या उथळ, निवळ पाण्यात फरक पडू शकतो. पिवळसर एलईडी दिव्यात लाल प्रकाश बऱ्यापैकी असतो, आणि रात्र तोडायला लाल प्रकाशच लागतो. पण गढूळ पाण्यात मीटरभर खाली त्याचा बराचसा भाग विरून जातो, आणि दिव्यापासून लांब गेलं की उरलेलाही. दिवे लावून हायड्रिला आटोक्यात आणायची कल्पना अधूनमधून कोणीतरी सुचवतं. विजेचं बिल बघा, आणि हेही बघा की कंद न धरणारी हायड्रिला तितकीच जोरात पाला वाढवत राहते. चांदण्याची काळजी सोडा, ते फार मंद असतं.

14. ॲक्वेरियममध्ये दिवा किती तास ठेवू?

नुसती हिरवी वाढ हवी असेल तर आठ-दहा तास पुरे, त्याहून जास्तीत शेवाळच माजतं. मात्र दहा तास म्हणजे हायड्रिलासारख्या वनस्पतीला कायमचा ‘लहान दिवस’, तिने वाळूत कंद धरले तर नवल नाही. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: टँकचा दिवा रात्री आठला बंद केला, पण दिवाणखान्याचा अकरापर्यंत चालू असेल, तर टँकची रात्र अकराला सुरू होते.

15. जलपर्णी आणि डकवीडला हे नियम लागू आहेत?

त्या तरंगत्या वनस्पती, या पानाच्या विषयाबाहेरच्या. तरी थोडक्यात: पुण्याच्या नद्यांत आणि उजनीत जलपर्णी माजते ती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदामुळे, दिनमानामुळे नाही. स्पायरोडेला पॉलीरायझा हे डकवीड सुप्तकळ्या धरतं, पण तिथे मुख्य इशारा स्फुरदाच्या टंचाईचा आणि गारव्याचा असतो. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक बाहेरून दिलं तरी ते कळ्या धरतं.

16. हे घरी तपासून पाहता येईल का? प्रकल्पासाठी हवंय.

येईल. एकाच तळ्यातली हायड्रिलाची सारख्या लांबीची टोकं घ्या आणि सारखा गाळ भरलेल्या तीन बादल्यांत लावा. पहिली उघडी ठेवा. दुसरीवर रोज संध्याकाळी पाचला काळा खोका पालथा घाला आणि सकाळी सातला काढा. तिसरीवरही तसाच खोका, पण आत मध्यरात्री अर्धा तास लागणारा छोटा दिवा. टायमर स्वस्तात मिळतो.

तिसरी बादली सोडून देण्याचा मोह होतो, पण खरी गंमत तिच्यातच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बादलीला दिवसाचं ऊन सारखंच मिळतं, फरक फक्त रात्र अखंड असण्याचा. तिन्हींच्या पाण्याचं तापमान रोज लिहा, कारण खोक्याखाली पाणी तापलं तर निष्कर्ष दिनमानाचा राहणार नाही. दोन-तीन महिन्यांनी गाळ चाळणीतून धुऊन कंद मोजा. प्रयोग मे-जूनमध्ये सुरू केलात तर उघड्या बादलीशी फरक जास्त स्पष्ट येईल. डिसेंबरात उघडी बादलीही लहान दिवसांतच असते.

17. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मागच्या अंगणात छोटं तळं आहे. गावाकडून कमळाची मुळी आणि थोडी हायड्रिला आणली तर चालेल?

हायड्रिला अजिबात नको. अमेरिकेत ती केंद्रीय पातळीवर घातक तण म्हणून जाहीर आहे. आयात आणि एका राज्यातून दुसऱ्यात नेणं, दोन्हींवर बंदी आहे. कमळाची मुळी परवान्याशिवाय नेणंही अडचणीचं, आणि गावाकडचा वाण उष्ण प्रदेशीय असेल तर तिथे तो नीट साठवण करणार नाही (प्रश्न 9). तुमच्याकडे जूनमध्ये दिवस 15 तासांचा असतो आणि सप्टेंबरच्या शेवटी 12 तासांखाली जातो, मग लगेच गारठा. एवढ्या थोड्या वेळात खोड जाड करणारा समशीतोष्ण वाण तिथल्याच रोपवाटिकेतून घ्या. तळ्याचं पाणी तळापर्यंत गोठत नसेल तर तो आत राहू शकतो. गोठत असेल तर कुंडी उचलून तळघरात, ओली आणि गार ठेवा.